लेव्हल

आबांना नायट्रोजन नवीन नव्हता.
एकतीस वर्षं त्यांनी तो गाडीच्या मागं बांधून नेला,
वडणगे, निगवे, भुये, केर्ली,
ज्याच्या दारात म्हैस माजावर आली त्याच्या दारात.
झाकण निघालं की पांढरा धूर
गोठ्याच्या फरशीवर उतरायचा
आणि आम्ही पोरं त्यात पाय घालून नाचायचो.
चिमट्यानं कांडी वर, कोमट पाण्यात तीस सेकंद,
मग वहीत नोंद: मालक, बिल्ला नंबर, तारीख.
एकवीस दिवसांनी परत खेप.
"उलटली का?"

त्यामुळं राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
डॉक्टर बेळंकी बाईंनी कागदावर
बदामासारखं काहीतरी काढून सांगायला घेतलं,
की केमोच्या आत एका बाजूचं अंडाशय काढू,
त्याची साल पातळ सोलून पट्ट्या करू, गोठवू,
उणे एकशे शहाण्णव,
पुढंमागं लागलंच तर परत आत शिवू,
शिवलं म्हणजे रुजेलच असं नाही,
तेव्हा आई रडत होती,
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो
(आमच्याकडं पोरीही असंच बोलतात,
पुण्याच्या समुपदेशक बाईंना त्याचं हसू आलं)
आणि आबांनी एवढंच विचारलं,
"लेव्हल कोण बघतंय?"

बाईंना कळलं नाही.
"नायट्रोजन उडतो, मॅडम. झाकण लावलं तरी. रोज थोडा थोडा.
लाकडी पट्टी बुडवून बघायला लागतं
कुठवर बर्फ धरतोय.
दिवाळीच्या सुट्टीत कोण बघतंय?"

आई बसल्या जागी उसळली.
"माझी पोरगी काय म्हैस हाय व्हय?"
आबा गप्प.
खिशातलं पेन काढलं, परत खिशात ठेवलं.

तिसऱ्या पानावर छापलं होतं:
रुग्णाचा मृत्यू झाल्यास ऊतींचं काय करावं.
नष्ट. संशोधनासाठी. पुढं दोन चौकोन.
एकोणीस वर्षांचा होतो मी, गळ्याशी गाठ,
बी.कॉम.चा दुसरा पेपर बुडालेला.
खूण केली.
कुठल्या चौकोनात, ते आबांना दाखवलं नाही,
आणि जन्मभर नोंदी करणाऱ्या माणसानं
त्या पानावरून नजर अशी नेली
जशी उघड्या विहिरीवरून नेतात.

तीन टाके, हरभऱ्याएवढे.
नंतरचं सांगत नाही.
उशीवर केस, तोंडाला लोखंडाची चव, आणि भात नको.

आता केस आलेत. कुरळे, कुणाचे कोण जाणे.
पाळी आली, मग चुकायला लागली.
पन्हाळ्याकडचं एक स्थळ आलं होतं,
मी पहिल्या चहालाच सांगून टाकलं.
बशीत कप ठेवल्याचा आवाज आला.
मूल हवंय का, मला खरंच माहीत नाही.
आईला हा प्रश्नच वाटत नाही.
मला वाटतो, आणि तो अजून
माझ्याच ताब्यात आहे याचं जरा बरं वाटतं.

दर मार्चला भाडं भरतो.
पावतीवर मगदूम संयोगिता, पट्ट्या अकरा.
त्या अजून एकोणीसच्या. मी सव्वीस.
आबा रिटायर झालेत तरी सोबत येतात,
काचेबाहेरून लॅबच्या पोराला तेच विचारतात.
यंदा पोरगा म्हणाला, "काका, स्क्रीनवर दिसतंय की."
आबा हलले नाहीत.
शेवटी त्यानं चपला बाहेर काढायला लावून
आम्हाला आत घेतलं, झाकण उचललं.

धूर काठावरून सांडला, फरशीवर पसरला.
पोरानं पट्टी बुडवली, वर काढली,
आबांनी चष्मा कपाळावर सरकवून
बर्फाची रेघ बघितली. खूप वेळ.
"भरल्याली हाय," ते म्हणाले. मला नाही, पट्टीला.

मी, सव्वीस वर्षांची घोडी,
कुणाचं लक्ष नाही बघून
एक पाय पुढं केला.